कानेत आणि कार्ने : आपल्या वस्तीतल्या खेळण्यांच्या दुकानाची गोष्ट

आपल्या मॉरिशसच्या क्रिओल भाषेत दोन शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात. 'कानेत' म्हणजे खेळायची गोटी आणि 'कार्ने' म्हणजे दुकानदाराची उधारीची वही. लहानपणी माझा या दोन शब्दांत नेहमी गोंधळ होई. आत्याने "कार्ने आण" म्हटले की मी गोट्यांची बरणी उचलून नेत असे आणि दुकानातली सगळी गिऱ्हाइके हसत. आज वाटते, माझे फार काही चुकत नव्हते. वस्तीतल्या खेळण्यांच्या दुकानाचा सारा इतिहास या दोन शब्दांत मावतो. मुलाच्या हातात गोटी आली की आईच्या नावावर वहीत ओळ पडत असे.

आपल्या पूर्वजांबद्दल लिहिताना आपण जहाजे, करारपत्रे, ऊस आणि देवळे यांबद्दल लिहितो. ते योग्यच आहे. परंतु कोठीवरच्या मुलांच्या खेळण्यांबद्दल सहसा कोणी लिहीत नाही, कारण खेळणी टिकत नाहीत आणि कोणत्याही सरकारी दप्तरात त्यांची नोंद नसते. म्हणून या स्मरणिकेत मी त्याच विषयावर लिहीत आहे.

2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अ‍ॅटलस' जहाजाने कलकत्त्याहून आलेले शर्तबंद मजूर पोर्ट लुईला उतरले. त्यानंतर 1910 पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय या बेटावर आले. मुंबई बंदरातून आलेले आपले कोकणचे आणि घाटावरचे पूर्वज त्यांत संख्येने थोडे होते. पुरुष मजुराला साधारणपणे महिन्याला 5 रुपये आणि शिधा मिळे. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. 'डबल कट' नावाची ही रीत 1909 पर्यंत कायद्यात होती. त्यातही मजुरी वेळेवर मिळेल याची खात्री नव्हती. 1872 साली चौकशीसाठी आलेल्या शाही आयोगापुढे थकलेल्या पगाराच्या तक्रारी मांडल्या गेल्या. अशा घरात खेळणे विकत घेण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. मुले थोडी मोठी झाली की बायकांबरोबर 'तिबान'मध्ये, म्हणजे लहान टोळीत, उसातले गवत काढायला जात.

तरीही मुले खेळतच होती. माझी आजी सांगत असे की सार्डिनचा रिकामा डबा, बाटलीची चार बुचे आणि एक सुतळी एवढ्यावर मोटार तयार होई. दोऱ्याच्या रिकाम्या रिळाला रबर आणि काडी लावली की ट्रॅक्टर होई. सायकलचे जुने चाक काठीने पळवायचे, पेरूच्या लाकडाचा भोवरा करायचा, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची बाहुली करायची. आमच्या कोकणात सावंतवाडीला रंगीत लाकडी खेळणी होतात, हे आजीला ठाऊक होते, पण तिने ती कधी पाहिली नव्हती. तिच्या मुलांची खेळणी दुकानदाराच्या कचऱ्यातून येत.

तो दुकानदार बहुधा चिनी असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हाक्का चिनी कुटुंबांनी गावोगावी आणि कोठ्यांच्या आसपास दुकाने थाटली. क्रिओलमध्ये त्यांना 'लाबुतिक सिन्वा' म्हणतात. तिथे तेल घोटभर मिळे, खारा मासा तुकड्याने मिळे आणि सगळे कार्नेवर मिळे. हे नीट समजून घ्यायला हवे, कारण खेळण्यांचा व्यापार याच वहीवर उभा राहिला. ऊसतोडणी जून ते डिसेंबर चाले. त्या काळात हातात पैसा असे. जानेवारी ते मे काम कमी, पैसा कमी आणि वर वादळांचे दिवस. दुकानदार त्या महिन्यांत उधार देई आणि तोडणीत वसूल करी. वर्षअखेरीस हिशोब मिटल्यावर कोणाच्या हातात चार पैसे उरले, तर ते 'बानाने'ला, म्हणजे नव्या वर्षाला, मुलांच्या कपड्यांवर आणि एखाद्या खेळण्यावर खर्च होत. मॉरिशसमध्ये खेळणी डिसेंबरात विकली जातात याचे कारण केवळ नाताळ नाही. आमच्या घरांत तरी ते पंचांग उसाने ठरवले होते.

1880 नंतर कोठीवाल्यांनी जमिनीचे तुकडे पाडून विकायला सुरुवात केली. त्याला 'ग्राँ मोर्सेलमाँ' म्हणतात. अनेक भारतीय कुटुंबांनी काटकसर करून जमिनी घेतल्या, कॅम्प सोडला आणि खेडी वसवली. स्वतःची जमीन असलेल्या घराला पुढची खोली रस्त्याकडे उघडता येते. आपल्या लोकांच्या दुकानदारीची सुरुवात अशाच एका खोलीतून झाली.

माझ्या आत्याचे दुकानही तसेच सुरू झाले. वाक्वाच्या एका वस्तीत, 1970 नंतरच्या वर्षांत. त्याच सुमारास निर्यात क्षेत्राचा कायदा (1970) होऊन कपड्यांचे कारखाने निघू लागले आणि आमच्या वस्तीतल्या मुली-सुना शिलाई मशिनीवर कामाला जाऊ लागल्या. बाईच्या हातात प्रथमच तिचा स्वतःचा पगार आला आणि वर्षअखेरीचा बोनसही. उसाचे पंचांग मोडले नाही, फक्त उसाच्या जागी कारखाना आला. आत्याने हे इतरांच्या आधी ओळखले. सुया-दोरे, वह्या आणि बिस्किटे ठेवणाऱ्या दुकानात तिने एक फळी फक्त खेळण्यांसाठी मोकळी केली. दोन वर्षांत बिस्किटे गेली आणि दुकान खेळण्यांचे झाले.

तिच्याकडून मी जे शिकले ते इथे नोंदवून ठेवते. माल सप्टेंबरातच घ्यावा लागे. पोर्ट लुईला रॉयल रोडवरच्या चिनी घाऊक व्यापाऱ्यांकडे ती बसने जाई आणि हाँगकाँगहून आलेल्या बाहुल्या, चावीच्या मोटारी, प्लास्टिकची भातुकली निवडून आणी. प्रत्येक यंत्राचे खेळणे सेल घालून आईसमोर चालवून दाखवायचे आणि मगच कागदात बांधायचे, हा तिचा नियम होता. वाक्वाची हवा दमट. खोक्यांना बुरशी येई, मोटारींच्या पत्र्याला गंज चढे. म्हणून डिसेंबरात न खपलेला माल जानेवारीत मेणकापडात गुंडाळून सर्वांत वरच्या फळीवर जाई, कारण पुढे वादळे येणार. उरलेले वर्ष लहान वस्तूंवर निघे. जानेवारीत शाळा उघडल्या की वह्या आणि पेन्सिली, थंडीतल्या वाऱ्यात पतंगाचा कागद, गणेश चतुर्थीला मखरासाठी रंगीत कागद, आणि बारा महिने गोट्या. ती म्हणे, "बाहुलीवर दुकान दिसतं, गोटीवर दुकान चालतं."

महाग खेळण्यांसाठी तिची वेगळी रीत होती. जून-जुलैत आई येऊन खेळणे निवडी. त्यावर नावाची चिठ्ठी लागे आणि ते आतल्या कपाटात जाई. दर पंधरवड्याला थोडे थोडे पैसे कार्नेत जमा होत. 31 डिसेंबरच्या रात्री, मुले झोपल्यावर, बाया मागच्या दाराने येऊन आपापले खोके घेऊन जात. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या मराठी, भोजपुरी, तमिळ, मुस्लिम आणि क्रिओल घरांतून एकाच दुकानाच्या शिट्ट्या ऐकू येत. आपली मुले तिला आत्या म्हणत, इतर 'तांतीन'. अर्थ एकच.

आत्या दानशूर नव्हती. ऑक्टोबर 1979 मध्ये रुपयाचे 30 टक्के आणि सप्टेंबर 1981 मध्ये पुन्हा 20 टक्के अवमूल्यन झाले, तेव्हा परदेशी माल एकदम महागला. निवडून ठेवलेल्या खेळण्यांच्या किमती तिने वाढवल्या नाहीत, पण नवी उधारी बंद केली. एका शेजारणीला तिने सर्वांसमोर नकार दिला. ती बाई त्यानंतर आमच्या दारावरून कधी गेली नाही, पलीकडच्या गल्लीने जाई. आत्याला ते शेवटपर्यंत लागून राहिले, पण नकार चुकीचा होता असे ती कधी म्हणाली नाही. "मी बुडाले तर पुढच्या वर्षी कोणाच्याच मुलाला काही नाही," एवढेच म्हणे.

एकदा कोकण पाहून आलेल्या एका नातेवाइकाने सावंतवाडीची लाकडी भातुकली आणली. जाते, चूल, पोळपाट, सगळे लाखेच्या रंगात. आम्हाला वाटले, आत्या ती देवघराजवळ ठेवील. तिने किंमत लावून फळीवर ठेवली. वर्षभर कोणी घेतली नाही, आपल्या मराठी मुलींनाही केस विंचरता येणारी बाहुलीच हवी होती. शेवटी ती एका क्रिओल मुलीने घेतली. मला वाईट वाटले. आत्या म्हणाली, "खेळणं आहे, खेळायला गेलं."

1990 नंतर मोठी हायपरमार्केट आली. घाऊक व्यापारी आत्याला ज्या भावाने माल देई, त्याच्याही खाली त्यांचे किरकोळ भाव होते. पुढे कपड्यांचे कारखाने एकामागून एक बंद होऊ लागले आणि बोनस घेऊन येणाऱ्या बाया कमी झाल्या. 2006 साली नवा कायदा होऊन दुकान उघडण्याचे परवाने पूर्वीपेक्षा सोपे झाले. त्याच वर्षी आत्याने आपले दुकान बंद केले.

तिच्या पश्चात शेवटची कार्ने माझ्याकडे आली. या वर्षी प्रदर्शनासाठी जुन्या वस्तू मागवल्या, तेव्हा ती द्यावी असे सर्वांचे म्हणणे होते. मी रात्रभर पाने चाळली. पानापानांवर बायांची नावे, खेळण्याचे नाव आणि हप्ते. काही ओळींवर काट मारलेली, म्हणजे पैसे चुकते. काही ओळी तशाच उघड्या. एका पानावर बाहुली, पाच हप्ते जमा, मग 'कारखाना बंद' आणि 'बाहुली दिली'. पुढे काही नाही. त्या बाईची नात आज माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात मराठी शिकते.

मी वही दिली नाही. इतिहासाला पुरावा लागतो हे मी मुलांना शिकवते, आणि ही वही पुरावा आहे हेही मला समजते. परंतु आपल्या पूर्वजांच्या नावापुढे आयुष्यभर कोणी ना कोणी आकडे लिहिले. कोठीने लिहिले, दुकानदाराने लिहिले. त्यांच्या नातवंडांनी काचेच्या पेटीत आजीच्या नावापुढे पुन्हा थकबाकी वाचावी असे मला वाटत नाही. म्हणून वहीत काय होते ते मी इथे नावांशिवाय लिहिले, आणि प्रदर्शनात गोट्यांची बरणी ठेवली आहे.

बरणीचे झाकण घट्ट लावलेले नाही. सोबत आलेल्या मुलांनी त्यातल्या गोट्या काढून खेळल्या तरी चालतील. आई-वडिलांना मात्र एवढीच विनंती आहे की आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांचे पहिले विकतचे खेळणे कोणते होते आणि त्याचे पैसे कोणी, किती हप्त्यांत फेडले. ते उत्तर लिहून ठेवा. आपल्या घराण्याच्या इतिहासाचे ते एक पान आहे.