वाटांची यादी

आमचे श्रीपूर साखर कारखान्याभोवती वसलेले. एकाच नावाची दोन माणसे असली की पोस्टमन पहिल्या दारात पत्र टाकून मोकळा होतो. संगणकही आज्ञा अशीच शोधतो. हे मात्र मी एका मुलाला बोल लावून शिकलो.

शाळेच्या लिनक्स संगणकावर सर्वांचे खाते एकच. निकालपत्रके करणारी एक छोटी आज्ञा मी त्यावर बसवली. दुसऱ्या दिवशी दहावीतला एक मुलगा म्हणाला, "सर, साधी 'एलएस'सुद्धा सापडत नाही म्हणतोय." मी काळ्या पडद्यावर संकेतशब्द देऊन आत शिरलो, तर सारे सुरळीत! "मग तूच काहीतरी मोडलेस," मी वर्गादेखत म्हणालो.

पुढे या प्रकरणाचा इतिहास वाचू लागलो. १९७१ साली केन थॉम्प्सन यांनी युनिक्ससाठी पहिला 'शेल' लिहिला. कालांतराने तो चालू कप्पा, मग 'बिन', मग 'यूएसआर-बिन' अशा ठरलेल्या जागी आज्ञा शोधू लागला. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांच्या शेलने ही यादी वापरणाऱ्याच्या हाती दिली. तिचे नाव 'पाथ'. प्रवेश करताच वाचायची 'डॉट प्रोफाइल' ही फाईलही त्यातच आली. त्याच सुमारास बर्कलीत बिल जॉय यांच्या सी-शेलने दोन फायली केल्या होत्या : एक प्रवेशाच्या वेळेपुरती, दुसरी प्रत्येक नव्या शेलसाठी. १९८९ साली ब्रायन फॉक्स यांच्या 'बॅश'मध्ये हे दोन्ही वारसे एकत्र आले.

उलगडा तिथेच झाला. मुलगा खिडकी उघडून काम करी. ती खिडकी 'डॉट बॅशआरसी' वाचते. मी काळ्या पडद्यावर प्रवेश केला, तिथे 'डॉट बॅश-प्रोफाइल' वाचली जाते, आणि आमच्या त्या फाईलीत दुसरीचा उल्लेखही नव्हता. मी माझा कप्पा 'बॅशआरसी'त लिहिला होता. पण त्यापुढे विसर्गचिन्ह देऊन 'डॉलर पाथ' लिहायला विसरलो. म्हणजे जुन्या यादीत भर घालण्याऐवजी मी ती पुसूनच टाकली होती.

खिडकीत 'इको डॉलर पाथ' लिहून पाहिले. 'इको' शेलच्या पोटातच असते, म्हणून ती चालली. यादीत माझा एकच कप्पा दिसला. स्लॅशसकट पूर्ण पत्ता दिला की शेल शोधत बसत नाही. म्हणून '/बिन/एलएस' चालली, आणि तशाच पूर्ण पत्त्याने संपादक उघडून मी ओळ दुरुस्त केली.

दुसऱ्या दिवशी ज्या वर्गादेखत त्याला बोललो होतो, त्याच वर्गादेखत त्याची माफी मागितली. फळ्यावर माझी चुकीची ओळ लिहिली. तो उठला, खडू घेतला आणि राहिलेले विसर्गचिन्ह व 'डॉलर पाथ' मुकाट्याने लिहून जागेवर जाऊन बसला.