युद्धनौकेचं बिल फुगतं कसं? माझगाव डॉकचा हिशेब

नौदलाची 30 वर्षांची योजना म्हणजे मुळात एक यादी असते: कोणतं जहाज कधी बांधायचं, कोणतं जुनं कधी काढायचं. यादीसमोर खर्चाचा आकडा असतो आणि तो सहसा टिकत नाही. तुम्ही आसगावात, पवनी तालुक्यात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब राहत असाल, तरी 199 रुपयांच्या रिचार्जमध्ये साधारण 30 रुपये जीएसटी भरताच. म्हणजे हे बिल आपलंही आहे.

मुंबईच्या माझगाव डॉकमधलं उदाहरण घ्या. ‘कोलकाता’ वर्गाच्या 3 विनाशिकांचा मंजूर खर्च होता 3,580 कोटी रुपये. तो पुढे 11,662 कोटींवर गेला, असं कॅगने 2010-11 च्या अहवालात नोंदवलं. आयएनएस कोलकाताचा कील 2003 मध्ये बसवला आणि जहाज नौदलात आलं ऑगस्ट 2014 मध्ये!

मग एवढा पैसा गेला कुठे? रशियाहून येणारं खास पोलाद उशिरा आलं आणि महाग झालं. रशियन तज्ज्ञांचा खर्च वाढला, कामगारांचे पगार सुधारले. पण सगळ्यात महत्त्वाचं कारण वेगळंच आहे. मंजुरी मिळाली तेव्हा शस्त्रं आणि सेन्सर यांच्या किमती पक्क्याच नव्हत्या. समजा, फोनची बॉडी बनवायला घेतली आणि कॅमेरा, प्रोसेसर कोणता ते नंतर ठरवू म्हटलं, तर बजेट कसं सांगणार? जहाजाचं तसंच होतं. डिझाइन आणि बांधणी बरोबरीने चालते, आणि एक यंत्र बदललं की केबल, पाइप, कप्पे सगळं पुन्हा बदलतं.

त्यात महागाई. वर्षाला फक्त 6 टक्के धरली तरी 12 वर्षांत किंमत दुप्पट होते. म्हणजे उशीर हाच एक मोठा खर्च आहे.

पाणबुड्यांची गोष्ट तर जास्त बोलकी आहे. माझगाव डॉकने जर्मन डिझाइनच्या शाल्की (1992) आणि शंकुल (1994) या पाणबुड्या बांधल्या. नंतर काम थांबलं. पाणबुडीचं वेल्डिंग हे हाताचं कसब आहे, ते काही फाइलमध्ये सेव्ह करून ठेवता येत नाही. पुढची ऑर्डर, 6 स्कॉर्पीनची, आली थेट 2005 मध्ये. मधल्या काळात शिकलेली माणसं पांगली आणि बरंचसं पुन्हा पहिल्यापासून उभं करावं लागलं. माझ्या मते योजनेतला हा खड्डाच सगळ्यात महागात पडतो, कारण तो कुठल्याच बजेटमध्ये वेगळा दिसत नाही.

1999 मध्ये सरकारने 30 वर्षांत 24 पाणबुड्या बांधायची योजना मंजूर केली होती. त्यातल्या या 6 पूर्ण व्हायला जानेवारी 2025 उजाडला. शेवटची होती आयएनएस वागशीर. खर्च 18,798 कोटींवरून 23,562 कोटी झाला. पहिली, कलवरी, 2012 ला येणार होती, ती डिसेंबर 2017 मध्ये आली.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेचं नौदलही दरवर्षी 30 वर्षांचा आराखडा मांडतं. त्यांच्या संसदेच्या बजेट कार्यालयाने 2025 च्या आराखड्याचा हिशेब काढला तेव्हा वर्षाला सरासरी 40 अब्ज डॉलर लागतील असं दिसलं, नौदलाच्या स्वतःच्या अंदाजापेक्षा जास्त.

बातमीत किंमत वाचताना तिच्यात काय धरलंय तेही बघा. कलवरी आली तेव्हा तिच्यासाठी ठरलेले नवे टॉर्पेडो नव्हतेच, ती खरेदी आधीच रद्द झाली होती. पुढे डिसेंबर 2024 मध्ये या पाणबुड्यांवर नवे भारी टॉर्पेडो बसवण्यासाठी फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपशी 877 कोटींचा वेगळा करार झाला. पाण्याखाली जास्त वेळ राहता यावं म्हणून लागणाऱ्या यंत्रणेचा भाग बांधायला माझगाव डॉकला आणखी 1,990 कोटी. हे दोन्ही वरच्या 23,562 कोटींत नाहीत.