गोणपाटावरची शाळा

मेळघाटच्या डोंगरात, सिपना नदीच्या काठी सेमाडोह हे गाव आहे. सकाळी धनी गुरे घेऊन निघाला की घरचे कुत्रे मागोमाग निघते. धनी ओरडतो, दगड उचलतो. कुत्रे चार पावले हटते आणि पुन्हा मागे येते. वऱ्हाडी माणूस विचारील, "भाकर दाखोली का कुत्रं येते, काठी दाखोली का पयते, पण राजा, त्याले एका जागी बसवाचं कसं?" प्रश्न साधा, पण त्याचे पक्के उत्तर मिळायला माणसाला फार वर्षे लागली. तीच हकीगत आज पाहू.

कुत्र्यांचे कौतुक आपल्याकडे जुने आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११३० च्या सुमाराचा. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये हत्तीघोड्यांच्या जोडीला कुत्र्यांनाही जागा दिलेली आहे. पुढे युरोपात पोलिसांनी कुत्री हाताशी धरली. जर्मन पोलिस अधिकारी कोनराड मोस्ट याने १९१० साली कुत्री शिकवण्यावर पुस्तक लिहिले. त्यात शाबासकी होती, पण पट्ट्याचा हिसका आणि धाकही होता. बरीच वर्षे अनेक देशांत हाच मार्ग चालला.

इकडे अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. उपाशी मांजर पेटीत कोंडायचे आणि खाणे बाहेर ठेवायचे. मांजर धडपडे, ओरबाडे आणि केव्हातरी चुकून खटका दाबला जाऊन दार उघडे. पुन्हा पुन्हा कोंडल्यावर त्याला बाहेर पडायला कमी वेळ लागू लागला. ज्या कृतीमागून सुख येते ती कृती पक्की होते, हे यातून दिसले.

बी. एफ. स्किनर यांनी ही वाट पुढे नेली. १९५१ च्या एका लेखात त्यांनी कुत्रे शिकवण्यासाठी टिकटिक वाजणारे साधे खेळणे सुचवले. हवे ते घडले की त्याच क्षणी आवाज करायचा आणि मग घास द्यायचा. आवाज कशाला? तर घास हातातून तोंडापर्यंत जाईतो कुत्रे उठून उभे राहते आणि बक्षीस बसण्याचे न होता उठण्याचे होते! आवाज नेमका क्षण पकडतो. पुढे कॅरन प्रायर यांनी हवाईत डॉल्फिनांना याच रीतीने शिकवले. पाण्यात मोकळ्या पोहणाऱ्या प्राण्याला दावे कसे बांधणार आणि काठी कशी मारणार? जिथे धाक पोचत नाही तिथे बक्षीसच कामाला आले.

आपल्या मुंबईचेच पाहा. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात पोलिसांच्या 'झंजीर' या लॅब्राडॉर कुत्र्याने स्फोटके हुडकून मोठे नाव मिळवले. असे कुत्रे स्फोटकांवर झेपावले तर सारेच संपले. म्हणून वास लागताच तिथेच गुपचूप बसायला त्याला शिकवतात आणि बसल्यावर बक्षीस देतात.

आता सेमाडोहला परत येऊ. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. रानात गेलेले कुत्रे चितळामागे धावते किंवा बिबट्याच्या तोंडी पडते. शिवाय रोगाचे भय आहेच. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्यांत कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर रोगाचे विषाणू आढळले. म्हणून कुत्रे घरी थांबले तर त्याचा जीव वाचतो आणि रानाचाही धोका कमी होतो.

कसे शिकवावे? ओसरीवर एक गोणपाट अंथरा. भाकरीचे बोराएवढे तुकडे करा. कुत्र्याने गोणपाटावर पाय ठेवला की लगेच "हां!" म्हणा आणि तुकडा गोणपाटावरच टाका. चारही पाय आले की पुन्हा एक तुकडा, आणि आपण होऊन बसले की दोन. मग "जागेवर" हा शब्द जोडा. आधी दोन श्वास, मग दहा, मग तुम्ही दारापर्यंत जाऊन परत येईतो, असा वेळ वाढवा. उठवायचे तेव्हा "चल" म्हणा. मध्येच उठले तर रागावू नका. आपणच घाई केली असे समजून वेळ कमी करा. दिवसातून दोन-तीनदा चार-पाच मिनिटे पुरतात. सकाळी गुरे सोडण्याआधी रोज हाच पाठ घ्या.

मात्र गोणपाटाने सगळे भागत नाही. रोगाविरुद्धची लस टोचून घ्यावी आणि रात्री कुत्र्याला बंद आडोसा द्यावा.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा प्रयोग मुलांकडून करवून घ्या. कुत्रे किती वेळ बसले ते मुलांनी रोज वहीत मांडावे. धाकाने गप्प बसणे आणि समजून बसणे यांतला फरक त्यांना आपोआप कळेल. तो फरक आपल्या वर्गातही उपयोगी पडेल.