डोक्यावर सागवान, पायाखाली भुई

घरात लाकडी फरशी बसवायची म्हटली की आजचा दुकानदार चौरस फुटाचा दर सांगतो. बीड जिल्ह्यात पूर्वी लाकडाचा हिशेब खणांत चाले. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. घर किती खणांचे, यावरून घरधन्याची ऐपत कळे.

हे महागाचे लाकूड पायाखाली क्वचितच आले. माळवदाच्या घरात खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर फळ्या आणि सगळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. वैशाखाच्या उन्हातही आत गारवा राही. उजेडाला माळवदात सवणे, म्हणजे झरोका, ठेवलेले असे. पावसाळा तोंडावर आला की वर नवी माती पसरावी लागे. बालाघाटच्या डोंगरातल्या खुरट्या रानात तुळईजोगा साग विरळाच. म्हणून मिळालेले लाकूड छताच्याच कामी येई. खाली घातले असते तर वाळवीची भीती होती.

जमीन मुरमाची. मुरूम पसरायचा, पाणी शिंपडायचे, धुमसाने चोपायचे आणि शेणाने सारवायचे. पैसा जवळपास लागत नसे, पण दर काही दिवसांनी बायका ओणव्याने सारे घर सारवत. घराच्या खर्चाच्या हिशेबात ही मेहनत कधीच धरली गेली नाही, आणि हा अन्यायच होता.

पुढे शहाबादी फरशी आली. शहाबाद गुलबर्ग्याकडचे, बीडही 1948 पर्यंत त्याच निजामी राज्यातले. धुता येणारी, वाळवीला न जुमानणारी ही फरशी मराठवाड्यात घरोघरी पोचली. सारवण सुटले, ही तिची मोठी देणगी.

माळवदावरचा विश्वास मात्र 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे हादरला. किल्लारीच्या भूकंपात शेजारच्या लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली आणि छताच्या मातीखाली गेली. काही घरांत भिंती ढासळल्या तरी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, हेही तिथे दिसले. तरी लोकांनी स्लॅबच जवळ केला.

आता त्या स्लॅबच्या घरांत लॅमिनेट येते: दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीवर लाकडाचे छापील चित्र. ते बसवण्याआधी जमीन सपाट करावी लागते, खाली फोम अंथरावा लागतो, भिंतीकडेने फुगायला फट सोडावी लागते. हा खर्च पहिल्या दरात बहुधा नसतो. आणि पाणी ओतून ते धुता येत नाही.

त्याच वेळी पाडलेल्या वाड्यांचे सागवान भंगारासारखे विकले जाते. त्या तुळया चिरून जमिनीसाठी फळ्या केल्या, तर लाकडाच्या किमतीवर खर्च उरतो चिराईचा आणि सुताराच्या मजुरीचा. आरागिरणीवर नेण्याआधी त्यांतले जुने खिळे तेवढे उपसावे लागतात.