हर्षाचा दंड

अमेरिकेंतील कॉलेज-फुटबॉलांत चेंडू घेऊन गोलरेषा ओलांडली कीं ६ गुण मिळतात; हेंच टचडाउन. मागाहून लाथेनें आणखी एक गुण जोडतां येतो. ६ सप्टेंबर २००८ रोजीं सिअॅटल येथें, २ सेकंद उरले असतां, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जेक लॉकरनें टचडाउन केलें व हर्षभरांत चेंडू उंच भिरकावला. वॉशिंग्टन २७, ब्रिगहॅम यंग २८. चेंडू असा फेंकणें नियमबाह्य. पंचांनीं १५ यार्डांचा दंड केला. बरोबरीची लाथ लांबून मारावी लागली, ती अडविली गेली आणि सामना हातचा गेला. नियम आत्मप्रदर्शन व प्रतिपक्षाची हेटाळणी रोखण्यासाठीं. येथें हेटाळणी कोणाची झाली? टोप्या उडविणाऱ्या मुलांस मींही छड्या दिल्या आहेत, तरी हा दंड मला जड वाटतो. २०११ पासून तर रेषा गांठण्यापूर्वीं वाकुल्या दाखविल्यास टचडाउनच रद्द होतें.