चार आण्यांचा हिशेब

आमची आजी वाईची. शाळा तिने पाहिली नव्हती, पण पावकी-निमकी तोंडपाठ. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. तिचा सारा संसार या कोष्टकावर चाले.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आण्याचे होत सव्वासहा. पण पाव पैशाचे नाणे कुठून आणायचे? म्हणून एका आण्याला सहा नवे पैसे ठरले आणि चार आण्यांना पंचवीस. म्हणजे आण्याआण्याची भाजी चारदा घेतली, तर माळणीचा एक पैसा बुडे.

आजी सांगे, “तिचा पैसा आपल्या घरात कशाला, बाई?” मग चौघी शेजारणी मिळून चार आण्यांची भाजी एकदम घेत, कृष्णेच्या घाटावर वाटे घालत आणि दिवेलागणीपर्यंत गप्पा मारीत बसत.

चार आण्यांचे नाणेही ३० जून २०११ पासून चालेनासे झाले. वर्गात मुले विचारतात, “गुरुजी, सोळा आणे खरे म्हणजे काय?” मी कोष्टक मांडीत नाही, त्या चौघींची गोष्ट सांगतो.