मकरानचा भूकंप (१९४५) आणि मुंबई किनाऱ्यावरील त्सुनामी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळील भूकंपाने उसळलेल्या लाटांनी तामिळनाडू व अंदमान-निकोबार उद्ध्वस्त केले, तेव्हा 'त्सुनामी' हा जपानी शब्द मराठी माणसाच्या बोलण्यात रूढ झाला. हे संकट बंगालच्या उपसागराचे असून पश्चिम किनारा त्यापासून सुरक्षित आहे, असा समजही त्याबरोबर दृढ झाला. इतिहास मात्र या समजाला दुजोरा देत नाही. त्याआधी ५९ वर्षे मुंबईने त्सुनामी अनुभवली होती.

लाटांची निर्मिती :
२८ नोव्हेंबर १९४५ रोजी, भारतीय प्रमाणवेळेनुसार पहाटे ३ वाजून २६ मिनिटांनी, बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यालगत ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. तेथे अरबी भूपट्ट युरेशियन भूपट्टाखाली सरकतो. दीर्घकाळ साचलेला ताण एकाएकी मोकळा झाल्यावर समुद्रतळ उचलला गेला आणि त्यावरील संपूर्ण जलस्तंभ हलला. वाऱ्याची लाट केवळ पृष्ठभाग ढवळते. त्सुनामीत मात्र तळापासूनचे पाणी गतिमान होते. पसनी व ओरमारा या बंदरांची मोठी हानी झाली. मृतांचा ४००० हा आकडा अनेक ग्रंथांत आढळतो. तो वास्तवापेक्षा बराच अधिक असावा, असे काही संशोधकांचे मत आहे.

मुंबईपर्यंतचा प्रवास :
मुंबईत लाटा सकाळी सव्वाआठच्या सुमारास पोहोचल्याची नोंद आहे. त्यांची उंची सुमारे दोन मीटर सांगितली जाते. नौकांचे दोर तुटले आणि काही माणसे वाहून गेली. मृतांची संख्या सुमारे १५ दिली जाते. येथे कालगणनेचा एक प्रश्न उद्भवतो. मुंबई शहरात १९५५ पर्यंत प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ'ही प्रचलित होती. नोंदीतील वेळ कोणतीही मानली, तरी प्रवासाचा काळ पावणेपाच ते साडेपाच तासांचा ठरतो.

सुमारे ११०० ते १२०० किलोमीटर अंतरासाठी हा काळ दीर्घ वाटतो. त्याचे कारण समुद्राच्या खोलीत आहे. त्सुनामीचा वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ३००० मीटर खोलीवर तो ताशी सुमारे ६२० किलोमीटर असतो, तर ८० मीटर खोलीवर ताशी सुमारे १०० किलोमीटरवर येतो. मुंबईसमोरील भूखंडमंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद व उथळ आहे. म्हणजे खोल समुद्र लाटेने दीड तासाच्या आसपास पार केला असला, तरी या मंचावर तिचे सुमारे तीन तास गेले असावेत. वेग घटला की मागचे पाणी पुढच्यावर चढते आणि उंची वाढते. परंतु रुंद मंचावरील घर्षणाने तिची काही ऊर्जाही खर्ची पडते.

विस्मरणाची कारणे :
हवामान खात्याच्या प्रकाशनात सी. जी. पेंडसे यांनी १९४६ मध्ये या भूकंपाचे विवेचन केले. तथापि जनमानसात ही घटना टिकली नाही. त्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यातील आझाद हिंद सेनेच्या खटल्याने देश ढवळून निघाला होता. पुढे फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईतच नाविकांचा उठाव झाला. १९४७ च्या फाळणीनंतर भूकंपाचे केंद्र परदेशात गेले. राजकीय इतिहासाच्या या गदारोळात समुद्राचा इतिहास मागे पडला असावा.

निष्कर्ष :
२००७ पासून हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रातून त्सुनामीचे इशारे दिले जातात आणि मकरान क्षेत्रावरही तेथून लक्ष ठेवले जाते. १९४५ मध्ये पहाटेच्या धक्क्यानंतर मुंबईच्या हाती चार तासांहून अधिक अवधी होता, पण इशारा देणारी यंत्रणा नव्हती. आज यंत्रणा आहे. मात्र इशारा मिळताच किनारा सोडावयाचा, ही जाण लोकांत असेल तरच तो अवधी उपयोगी पडेल. ती जाण निर्माण करण्यासाठी १९४५ ची ही घटना इतिहास व भूगोल या दोन्ही विषयांच्या अध्यापनात समाविष्ट होणे आवश्यक आहे.